वाशीमचा पाणलोट आणि राज्यकारभाराच्या हद्दी

वाशीम जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांस जाते. काटेपूर्णा उत्तरेस उतरून पूर्णेस मिळते व तापीवाटे अरबी समुद्रास पोचते. पैनगंगा, अडाण व अरुणावती यांचे पाणी गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास जाते. हा पाणलोट साठतो मात्र बव्हंशी खाली. काटेपूर्णा महान येथे अडते व तिचे पाणी अकोला शहर पिते. पैनगंगा इसापूरला अडते, तिचा मोठा लाभ हिंगोली व नांदेडकडे जातो.

भोसलेकाळात वाशीमला तळे बांधले ते भवानी काळूसारख्या अधिकाऱ्याने, देवळाच्या निमित्ताने. बांधणाऱ्यास नदीखोऱ्याचा विचार करण्याचे कारण नव्हते. 1853 नंतर वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि पैनगंगा बऱ्याच अंतरापर्यंत निजामी मुलखाची सीमा होऊन बसली. पूर एकच, पण त्याची दखल घेणारी सरकारे दोन! 1956 साली दोन्ही तीर एका राज्यात आले, तरी कायदे एक झाले नाहीत. मुंबई इलाख्याचा 1879 चा, मध्यप्रांताचा 1931 चा व हैदराबादचा, असे तीन पाटबंधारे कायदे 1976 च्या महाराष्ट्र अधिनियमापर्यंत आपापल्या भागात चालू राहिले. वाशीम 1905 साली जिल्हा म्हणून मोडले गेले होते. ते पुन्हा जिल्हा झाले 1 जुलै 1998 रोजी.

या विभागणीचा परिणाम बंधाऱ्यावर स्पष्ट दिसतो. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याची दारे (कोल्हापूरकडचा नेमका शब्द 'बरगे') पावसाळा सरताना बसवावयाची व पुढील पावसापूर्वी काढावयाची असतात. बसविण्यास उशीर झाला तर पाणी वाहून जाते. काढण्यास झाला तर पूर तुंबतो व बाजूचा काठ कापून निघतो. अलीकडे पैनगंगेवर बॅरेजांची मालिका झाली. त्यांची दारे यंत्राने उचलतात, म्हणून निर्णय ऋतूचा न राहता घटकेचा झाला आहे. दारे पाटबंधारे यंत्रणेच्या हाती. पुराची जबाबदारी 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे. आणि काही ठिकाणी समोरचा तीर हिंगोलीचा. दार उचलण्यापूर्वीची सूचना त्या तीरावरील गावास आपल्याच गावाइतकी लवकर मिळते काय, हे आपल्या प्रशासकीय इतिहासात आजवर फारसे कोणी तपासलेले नाही. महसुली दप्तरे हद्दीप्रमाणे लावलेली असल्याने असा शोध घेणाऱ्यास दोन्ही जिल्ह्यांची दप्तरे चाळावी लागतील.