चुलीतला अग्नी, सूक्तातला अग्नी

आग काय असते ते घुग्घुसमध्ये कोणाला सांगावं लागत नाही. खाणीत उघडा पडलेला कोळसा कधी कधी आपोआप धुमसतो, सिमेंटची भट्टी रात्रंदिवस पेटलेली असते, आणि ज्यांच्या घरी अजून कोळशाची शेगडी आहे त्यांचे डोळे तर सकाळीच लाल झालेले असतात. आजचं बोलणं त्या आगीवरच आहे.

त्याचं निमित्त असं झालं. आमच्या ओळखीच्या एका बचत गटाने मसाला कांडपाची मशीन घेतली. शेड बांधलं आणि उद्घाटनाला छोटा होम ठेवला. गट बायांचा, कर्जावर सह्या बायांच्या, हप्तेही त्याच फेडणार. पण आहुती टाकायला पाटावर पुरुष पाहिजे, असं गुरुजी म्हणाले. अध्यक्षाबाईंचे यजमान वारलेले. शेवटी सचिवाबाईंच्या सातवीतल्या मुलाला बसवलं. त्याच्या डोळ्यांत धूर गेला तसा तो अर्ध्यातूनच पळाला, आणि सगळ्या हसल्या. अध्यक्षाबाई मात्र हसल्या नाहीत. घरी जाताना आम्हांला म्हणाल्या, "बाई, तीस वर्षं झाली, रोज चूल पेटवते मी. मला आग ओळखत नाही का?"

गुरुजींच्या मनात वाईट होतं असं आम्ही म्हणणार नाही. त्यांना जसं शिकवलं तसं ते वागले. पण बाईंचा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना, म्हणून जुन्या सूक्तांत काय आहे ते आम्ही वाचायला घेतलं.

आपल्याकडचा सगळ्यात जुना सूक्तांचा संग्रह म्हणजे ऋग्वेद. तो तीन हजार वर्षांहून जुना आहे. 10 मंडलं, 1028 सूक्तं. कित्येक शतकं हे सगळं तोंडपाठ ठेवूनच चालत आलं, लिहिणं फार नंतरचं. पुण्याच्या भांडारकर संस्थेत ऋग्वेदाच्या 30 हस्तलिखित पोथ्या आहेत, त्यांतली एक 1464 सालची. 2007 साली युनेस्कोने त्यांची जागतिक ठेवा म्हणून नोंद केली. या ग्रंथाचं पहिलंच सूक्त अग्नीचं आहे, आणि एकूण दोनशेच्या आसपास सूक्तं त्याच्या नावावर आहेत.

तो अग्नी आपल्या ओळखीचाच निघाला. तेव्हा काडीपेटी नव्हती. एका लाकडावर दुसरं लाकूड उभं धरून, ताकाची रवी दोरीने फिरवावी तसं घुसळायचं, की ठिणगी पडायची. या दोन लाकडांना अरणी म्हणतात. सूक्तं रचणारे म्हणतात, या त्याच्या आयाबापा. घुसळणाऱ्या हातांची दहा बोटं म्हणजे त्याला जन्म देणाऱ्या दहा तरुण पोरी. आणि हे बाळ असं की जन्मताच आपल्या आईबापालाच खातं! लाकडातून निघालेली आग लाकूडच जाळते, त्याचा हा उखाणा. त्याला घरधनी म्हटलं आहे, पाहुणा म्हटलं आहे, आणि माणसाचा निरोप देवाकडे नेणारा दूतही म्हटलं आहे.

दहाव्या मंडलात त्याची एक गोष्ट आहे, ती आम्हांला सगळ्यात आवडली. देवांपर्यंत आहुती वाहून नेणं हे अग्नीचं काम. त्याच्या आधी त्याचे थोरले भाऊ हेच काम करायचे, ते त्यात संपले. अग्नी घाबरला आणि पळून पाण्यात लपला, गर्भाभोवती वार असावी तसा जाड वेढा अंगाभोवती घेऊन. देवांनी त्याला शोधून काढलं. तो सरळ म्हणाला, भावांचं काय झालं ते पाहून मी पळालो. देवांनी त्याला म्हातारपण न येणारं आयुष्य देऊ केलं. तरी त्याने आधी आपला वाटा ठरवून घेतला, आहुतीतला भाग आणि तूप, आणि मगच तो कामावर आला. ज्यांच्या घरचे लोक खाणीत पाळीवर जातात, त्यांना या गोष्टीचा अर्थ फोडून सांगायला नको. देवसुद्धा जिवाची हमी घेतल्याशिवाय धोक्याच्या कामाला लागला नाही.

आणि लपलेला अग्नी तर आपल्या पायाखालीच आहे. इथला कोळसा म्हणजे 25 कोटी वर्षांहून जुन्या झाडांची रास. ज्या खडकांत तो सापडतो त्यांना जगभर गोंडवाना म्हणतात, आपल्या गोंड मुलखावरून. मात्र यावरून कोणी म्हणेल की ऋषींना कोळशाच्या खाणी ठाऊक होत्या, तर ते ऐकू नका. सूक्तांत सगळं विज्ञान शोधायची हल्ली फार हौस आली आहे. त्यांनी पाहिलं ते एवढंच की आग लाकडात दिसत नाही, तरी असते. रात्री राखेखाली झाकलेला निखारा सकाळी फुंकणीने जागा करणारी बाई तेच पाहते.

मग हा अग्नी नुसती आग की आणखी काही? हा वाद जुना आहे. यास्क नावाच्या फार जुन्या अभ्यासकाच्या ग्रंथातही एकाच मंत्राचे वेगवेगळ्या बाजूंनी अर्थ लावलेले दिसतात: कधी यज्ञाच्या, कधी निसर्गाच्या, कधी माणसाच्या आतल्या. चौदाव्या शतकातल्या सायणाचार्यांनी मुख्यतः यज्ञाच्या बाजूने अर्थ लावला. अरविंद घोषांनी 1914 पासून 'आर्य' मासिकात लिहिलं की अग्नी म्हणजे माणसाच्या आत पेटलेली इच्छाशक्ती. आम्हांला वाटतं, एकच अर्थ खरा धरायची गरज नाही. सहाव्या मंडलातल्या एका सूक्तात कवी आधी कबूल करतो की मला उभा धागा कळत नाही, आडवाही कळत नाही. पुढे तो म्हणतो, हा अग्नी म्हणजे सगळ्यांच्या आत ठेवलेला, मनाहून वेगवान उजेड. म्हणजे आतला अर्थ कोणी मागाहून चिकटवला असंही नाही.

पुढे छांदोग्य उपनिषदाने तर माणसाच्या जगण्यालाच यज्ञ म्हटलं. भूक आणि तहान सोसणं ही त्याची दीक्षा. दान, सरळपणा, अहिंसा, सत्य ही त्याची दक्षिणा. पंगतीत जेवणाआधी आपण जो श्लोक म्हणतो, त्यातही जेवणाला यज्ञकर्मच म्हटलेलं आहे. बुद्धांनी होमाचा अग्नी बाजूला ठेवला आणि सांगितलं की जपायचे अग्नी तीन: आईवडील, घरातली बायकोमुलं नि कामाची माणसं, आणि साधुजन. आपल्या गटांत बौद्ध बहिणी आहेत, गोंड बहिणी आहेत, त्यांना होमाशी देणंघेणं नाही. पण अग्नीचा हा अर्थ त्यांनाही परका वाटणार नाही.

आता अध्यक्षाबाईंचा प्रश्न. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात सहा ऋचांचं एक अग्निसूक्त आहे. परंपरेने ते विश्ववारा नावाच्या, अत्रींच्या कुळातल्या बाईच्या नावावर आहे. त्यात ती पूर्वेला तोंड करून, नमस्कार करत, तुपाची पळी घेऊन पेटलेल्या अग्नीकडे जाते. नवराबायकोचं नीट जमू दे, असं मागते. काही पंडित म्हणतात की विश्ववारा हे बाईचं नाव नाही, पळीचं विशेषण आहे. असेल. पण सूक्त कोणाचं याची जुनी यादी बाईचंच नाव देते. आणि ती एकटी नाही. घोषा आहे, अपाला आहे, लोपामुद्रा आहे. 'बृहद्देवता' या जुन्या ग्रंथात अशा 27 जणींची नावं दिली आहेत, त्यांत काही देवीही आहेत.

मग पाट सुटला कधी? एका दिवसात नाही. पत्नीशिवाय यज्ञ होत नाही हा नियम तर राहिला. रामाला शेजारी सोन्याची सीता बसवावी लागली ती त्यामुळेच. पण मनुस्मृतीने लिहिलं की बायांचे विधी मंत्राविना व्हावेत, आणि मुलीने किंवा तरुण बाईने अग्निहोत्रात होता होऊ नये. बाई शेजारी बसलेली चालेल, बोललेली चालणार नाही. ज्ञानेश्वरांना हे खटकलं. 1290 साली ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात त्यांनी वेदाला कंजूष म्हटलं, कारण तो तीन वर्णांच्याच कानाला लागला, बाया आणि शूद्र बाहेरच राहिले. ते उणेपण भरून काढायला वेद गीता होऊन आला, असं ते सांगतात.

तरी पाट परत मिळायला सातशे वर्षं लागली. 1970 नंतर पुण्यात शंकरराव थत्ते यांनी बायांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली, पुढे ज्ञान प्रबोधिनीतही ते शिकवू लागले. आज महाराष्ट्रात बाया लग्नं लावतात, वास्तुशांत करतात.

हे सगळं आम्ही गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं. दोघी म्हणाल्या, आपल्याला होमच कशाला पाहिजे, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना म्हणू. एक म्हणाली, गावात बोलतील. दिवाळीनंतर दुसरी मशीन यायची आहे, तेव्हा काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. अध्यक्षाबाईंनी विश्ववाराचं नाव तेवढं वहीत लिहून घेतलं, हप्त्यांच्या हिशोबाच्या पानावर.