फॅरिंग्डनच्या पोटात: भुयारी रेल्वेचं काम नक्की किती झालं?



ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची ॲक्वा लाईन कफ परेडपर्यंत पोचली. तुमच्याही फोनवर फोटो आले असतील. गिरगावचं स्टेशन, काळबादेवीचं स्टेशन, नवेकोरे सरकते जिने. आणि फोटोंखाली कोणीतरी हमखास लिहिलेलं असतं, "उशीर किती झाला, खर्च किती वाढला! तुमच्या लंडनमध्ये असं चालतं का?" आपण इथे राहणारे यावर गप्प बसतो किंवा गालातल्या गालात हसतो. आज त्याचं नीट उत्तर देऊ. चालतं. पहिल्यापासून चालत आलेलं आहे.

सुरुवात फॅरिंग्डनपासून करू, कारण जगातली पहिली भुयारी शहर रेल्वे तिथेच येऊन थांबली होती. १० जानेवारी १८६३ ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही मेट्रोपॉलिटन रेल्वे लोकांसाठी खुली झाली. लांबी सुमारे सहा किलोमीटर. पहिल्याच दिवशी जवळजवळ ३८ हजार माणसं त्यातून गेली. गाडी वाफेच्या इंजिनाची. बोगद्यात धूर कोंडायचा, लोक खोकत बाहेर पडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. आपली बोरीबंदर ते ठाणे गाडी त्याच्या दहा वर्षं आधी, १८५३ मध्ये सुटली होती. ज्या जीआयपी रेल्वेने ती सोडली, त्या कंपनीचा कायदा १८४९ साली इथेच, वेस्टमिन्स्टरला झाला होता.

मेट्रोपॉलिटनची बांधणीची पद्धत सरळ होती. रस्ता उकरायचा, खड्ड्यात विटांची कमान बांधायची, वर माती लोटून पुन्हा रस्ता करायचा. मॅरिलबोन रोड आणि युस्टन रोड असेच उकरले गेले. रस्त्याखालून जायचं कारण साधं होतं. रस्ता सरकारी, तिथे घरमालकांना पैसे मोजावे लागत नाहीत. पण फॅरिंग्डनच्या बाजूला फ्लीट नदीच्या खोऱ्यात रस्ता पुरला नाही. तिथली गरिबांची दाट वस्ती पाडली गेली. मालकांना मोबदला मिळाला, भाडेकरूंना काही नाही. गाठोडी उचलून ते शेजारच्या आणखी दाट गल्ल्यांमध्ये शिरले.

या रेल्वेचा पहिला पुरस्कर्ता चार्ल्स पिअर्सन. लंडन सिटीचा तो सॉलिसिटर. गरिबांना दाटीतून बाहेर मोकळ्या हवेत राहता यावं आणि स्वस्तात कामाला येता यावं, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्याच रेल्वेने आधी गरिबांची घरं पाडली. १८६४ पासून पहाटे कामगारांसाठी स्वस्त गाड्या सुरू झाल्या खऱ्या, पण त्या पाहायला तो नव्हता. सप्टेंबर १८६२ मध्ये, उद्घाटनाच्या चार महिने आधी, तो गेला.

त्याच वर्षी जूनमध्ये काय झालं ते ऐका. फ्लीट ही एकेकाळची नदी. तोपर्यंत तिचा झाकलेला गटारनाला झाला होता. तो नाला फुटला. कामाची भिंत कोसळली आणि बोगद्यात दहा फुटांपर्यंत घाण पाणी भरलं. उद्घाटन पुढे गेलं. आता २६ मे २०२५ आठवा. वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनचं उद्घाटन होऊन जेमतेम अडीच आठवडे झाले होते. मुंबईत धो धो पाऊस पडला, एका अर्धवट बांधलेल्या प्रवेशद्वाराची संरक्षक भिंत कोसळली आणि स्टेशनात पाणी शिरलं. व्हिडिओ लंडनलाही पाच मिनिटांत पोचला. १८६२ मध्ये मोबाइल नव्हते, एवढाच फरक. अत्रे असते तर त्यांनी दोन्ही प्रसंगांवर अग्रलेख लिहिला असता आणि कंत्राटदारांना पळता भुई थोडी केली असती.

मधल्या काळातून भरभर जाऊ. थेम्स नदीखालचा पहिला बोगदा मार्क ब्रुनेलने १८२५ ला सुरू केला आणि १८४३ ला पुरा केला. चारशे मीटरलाही थोड्या कमी असलेल्या बोगद्याला अठरा वर्षं लागली. नदी आत घुसली, माणसं मेली, पैसे संपले, काम वर्षानुवर्षं बंद पडलं. आज ओव्हरग्राउंडची विंडरश मार्गिका त्यातूनच धावते. पुढे जेम्स ग्रेटहेडने गोल पोलादी ढाल पुढे सरकवत खोल मातीतून नळीसारखा बोगदा काढायची रीत पक्की केली, आणि १८९० ला विजेवर चालणारी पहिली खोल रेल्वे आली. 'ट्यूब' हे नाव त्या नळीवरूनच पडलं. लंडनखालची चिकणमाती अशा खणकामाला फार सोयीची. मुंबईखाली आहे काळा बेसॉल्ट, आणि किनाऱ्यालगत भरावाची जमीन. दोन शहरांच्या कामाची तुलना करताना हे ध्यानात ठेवा.

आता आपल्या डोळ्यांदेखत झालेल्या कामाकडे येऊ. स्लाव, हेझ, साउथॉल, इलफर्ड, सेव्हन किंग्ज. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबं या पट्ट्यात राहतात. 'क्रॉसरेल येतेय' या दोन शब्दांवर घर घेतलेली आणि त्या हिशेबाने कर्जाचे हप्ते ठरवलेली माणसं तुमच्या माहितीत असतीलच, माझ्या तर आहेत. त्यांना डिसेंबर २०१८ ही तारीख सांगितली गेली होती. गाडी आली २४ मे २०२२ ला.

एलिझाबेथ लाईनची कथा कागदावर फार जुनी. पूर्व-पश्चिम मोठी रेल्वे शहराखालून न्यायची कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून फिरत होती. १९९१ मध्ये संसदेत विधेयक आलं आणि १९९४ मध्ये खासदारांच्या समितीने ते फेटाळलं. कायदा शेवटी २००८ मध्ये झाला, काम २००९ मध्ये कॅनरी वॉर्फला सुरू झालं. २०१२ ते २०१५ या तीन वर्षांत आठ बोगदायंत्रांनी ४२ किलोमीटर बोगदा खणला. प्रत्येक यंत्र सुमारे हजार टनांचं. पुढे माती कापायची, मागे काँक्रीटच्या तुकड्यांचं कडं बसवायचं, त्या कड्याला रेटा देऊन पुन्हा पुढे सरकायचं. असे दोन लाखांहून जास्त तुकडे बसले. टॉटनहॅम कोर्ट रोडला एक यंत्र नॉर्दर्न लाईनच्या चालू फलाटावरून एक मीटरपेक्षा कमी अंतर राखून गेलं. खाली लोक गाडीची वाट पाहत उभे होते. निघालेल्या मातीपैकी तीस लाख टनांहून जास्त माती एसेक्समधल्या वॉलेसी बेटावर नेली आणि तिथे पाणपक्ष्यांसाठी दलदल तयार केली.

लिव्हरपूल स्ट्रीटला खणताना जुनी दफनभूमी लागली. तीन हजारांहून जास्त सांगाडे निघाले. त्यातल्या काहींच्या दातांमध्ये १६६५ च्या प्लेगच्या जिवाणूचा अंश सापडला. हाच जिवाणू १८९६ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुले त्याच साथीत रुग्णसेवा करताना गेल्या. लंडनच्या पोटात हात घातला की आपलं काही ना काही हाताला लागतंच.

खणकामाने बळीही घेतला. मार्च २०१४ मध्ये बोगद्यात फवारलेल्या ओल्या काँक्रीटचा लगदा अंगावर पडून स्लोव्हाकियाहून आलेला एक कामगार मेला. पुढे कंत्राटदारांना न्यायालयाने दहा लाख पौंडांहून जास्त दंड केला. उद्घाटनाच्या फोटोंमध्ये हा माणूस नाही, म्हणून इथे सांगितलं.

आता माझ्या धंद्याचा विषय. मी आयटीतला माणूस, वर एमबीए, त्यामुळे 'किती टक्के काम झालं' हा तक्ता मी आयुष्यात हजारदा पाहिलाय आणि शेकडो वेळा बनवलाय. २०१८ मध्ये क्रॉसरेलचं काम नव्वद टक्क्यांहून जास्त पूर्ण असल्याचं सांगितलं जात होतं. त्यात कोणी खोटं बोलत होतं असं नाही. बोगदे झाले होते, रूळ पडले होते, पैसे बहुतेक खर्च झाले होते. पण टक्के मोजले होते ते बांधकामाचे. घराला गिलावा झाला, रंग झाला, पण विजेचं मीटर नाही, नळाला पाणी नाही, तर गृहप्रवेशाचा मुहूर्त काढायचा कसा?

राहिलं होतं ते दिसत नव्हतं. एलिझाबेथ लाईनची गाडी एकाच प्रवासात वेगवेगळ्या सिग्नल पद्धतींमधून जाते. मधल्या बोगद्यात एक, हीथ्रोच्या फाट्यावर दुसरी, पूर्व-पश्चिमेच्या जुन्या रुळांवर तिसरी. गाडीतल्या सॉफ्टवेअरला तिन्ही भाषा यायला हव्यात, आणि एकीतून दुसरीत जाताना अडखळायचं नाही. याची चाचणी बोगदा पुरा झाल्याशिवाय नीट होत नाही. बोगदा पुरा झाला उशिरा. २०१७ च्या नोव्हेंबरात वीज जोडताना एक ट्रान्सफॉर्मर उडाला, त्यात आणखी महिने गेले. मग घाईघाईत बांधकाम आणि चाचणी एकाच वेळी सुरू केली. एकाच ओट्यावर एकजण पुरणपोळ्या लाटतोय आणि दुसरा फरशी बसवतोय, तसं.

राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ च्या अहवालात यावर बोट ठेवलं. मुख्य कंत्राटं छत्तीस. प्रत्येकजण आपापला तुकडा पाहणारा. तुकडे एकमेकांत बसतात की नाही याची जबाबदारी क्रॉसरेल कंपनीकडे, आणि कंपनी डिसेंबर २०१८ ही तारीख सोडायला तयार नव्हती. ती शक्य नसल्याचं जाहीर केलं ३१ ऑगस्ट २०१८ ला, म्हणजे सुमारे तीन महिने आधी. माझ्या मते खरी चूक तिथे आहे, उशिरात नाही. तारखेवर घर, नोकरी, मुलांची शाळा ठरवणाऱ्याला दोन वर्षं आधी कळलं असतं, तर त्याने वेगळा हिशेब केला असता.

पुढच्या व्यवस्थापनाने तारीख सांगायचं सोडून आधी काय शिल्लक आहे याची यादी केली. मे २०२१ मध्ये रिकाम्या गाड्या वेळापत्रकाने धावू लागल्या. नोव्हेंबरपासून मुद्दाम बिघाड करून पाहिले गेले आणि पुढे स्वयंसेवक गाडीत बसवून त्यांना बोगद्यातून बाहेर काढायच्या तालमी झाल्या. तरीही बॉण्ड स्ट्रीट स्टेशन पहिल्या दिवशी तयार नव्हतं, ते ऑक्टोबर २०२२ मध्ये उघडलं. एकूण खर्च १,४८० कोटी पौंडांवरून सुमारे १,८८० कोटींवर गेला.

आता मुंबई. ॲक्वा लाईन साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली. काम २०१६ च्या सुमारास सुरू झालं, २०२५ मध्ये संपलं. साधारण नऊ वर्षं. लंडनला जोडबोगद्याच्या २१ किलोमीटरना तेरा वर्षं लागली. वेळेच्या शर्यतीत मुंबई मागे नाही. खर्च मात्र २३,१३६ कोटी रुपयांवरून ३७,२७६ कोटींवर गेला, तो वाढीचा दर लंडनपेक्षा बराच जास्त आहे. त्यातला मोठा वेळ आणि पैसा आरेच्या कारशेडच्या वादात गेला. २०१९ मध्ये रातोरात झाडं तोडली, मग कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, मग पुन्हा आरेत आलं. झाडांसाठी लढणाऱ्यांना नुसतं 'उशीर करणारे' म्हणणं मला पटत नाही. तो प्रश्न आधी सोडवायचा होता. गिरगाव-काळबादेवीत जुन्या चाळी पाडाव्या लागल्या, पण तिथल्या भाडेकरूंचं पुनर्वसन ही प्रकल्पाची जबाबदारी मानली गेली. १८६० च्या फ्लीट खोऱ्यापेक्षा एवढी तरी प्रगती झाली.

बोगदायंत्रांना दोन्हीकडे बायकी नावं. लंडनला एडा, फिलिस, व्हिक्टोरिया, तर मुंबईला गोदावरी, वैतरणा, कृष्णा, वैनगंगा. एडा म्हणजे एडा लव्हलेस, आम्हा प्रोग्रॅमवाल्यांची कुलदेवता. मुंबई सेंट्रलच्या भुयारी स्टेशनाला जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव आहे. मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून खटपट करणाऱ्यांतले ते एक.

फॅरिंग्डनला गेलात तर हे लक्षात ठेवा. मे २०१५ मध्ये व्हिक्टोरिया यंत्र याच स्टेशनात फुटून बाहेर आलं आणि क्रॉसरेलचं खणकाम संपलं. फिलिस आणि एडा त्याआधीच इथे पोचल्या होत्या. त्यांचे कामाचे भाग काढून घेतले आणि पुढच्या पोलादी ढाली बोगद्याच्या बाजूला वळवून जमिनीतच सोडल्या. त्या अजून तिथेच आहेत. स्टेशनपासून पाच मिनिटांवर रे स्ट्रीटवर 'द कोच' नावाचा पब आहे, त्याच्या समोर रस्त्यात एक जाळी आहे. रहदारी कमी असताना कान लावा. खाली फ्लीट वाहताना ऐकू येते.