नॅन्सीचा आवाज

कादंबरी मोठ्यानं वाचायची म्हटली, की आपल्यापैकी पुष्कळजण आवाजाची सोंगं काढू लागतात. म्हातारा आला की खोकायचं, बाई आली की किनरा सूर लावायचा! पण कोण बोलतो हे कळवणं निराळं, आणि त्याच्या मनात काय चाललं आहे हे ऐकवणं निराळं. हा फरक चार्ल्स डिकन्सनं पुरता ओळखला होता.

१८५३ साली बर्मिंगहॅम येथे एका सत्कार्याच्या मदतीसाठी त्यानं आपली नाताळची कथा प्रथम जाहीरपणे वाचली. १८५८ पासून तो तिकिटं लावून वाचू लागला. त्याच्या वाचनाच्या काही प्रती अजून जपलेल्या आहेत. समासात कुठं 'गूढ', कुठं 'भय' अशा अर्थाच्या सूचना त्यानं स्वतःसाठी लिहिल्या आहेत. 'तो म्हणाला' यासारखे शब्द त्यानं ठिकठिकाणी खोडले. का बरं? सुरातच संताप आला, तर तो शब्दांनी सांगायचा कशाला?

१८६८ साली त्यानं 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग वाचनासाठी बांधला. कादंबरी तीस वर्षांची जुनी, गोष्ट सर्वांना पाठ. तरीही नोव्हेंबरात मोजक्या निमंत्रितांपुढं वाचली, तेव्हा ऐकणारे हादरले. साइक्सची दरडावणी आणि नॅन्सीची काकुळत एकाच गळ्यातून निघत होती. 'हे वाचू नका' असं त्याच्या मुलानंही विनवलं. डिकन्सनं ऐकलं नाही. जानेवारी १८६९ मध्ये लंडनला जाहीर वाचन झालं, आणि एप्रिलमध्ये प्रकृती ढासळल्यामुळं डॉक्टरांना दौरा थांबवावा लागला.

१८७० साली निरोपाची वाचनं झाली, तेव्हा डॉक्टर त्याची नाडी मोजत. एरवी ७२ असणारी नाडी नॅन्सीच्या प्रसंगानंतर ११०च्या वर जाई. १५ मार्चला त्यानं श्रोत्यांचा निरोप घेतला, आणि ९ जूनला तो वारला. वय अवघं ५८. वाचनानंच तो गेला, असं म्हणता येणार नाही. प्रकृती आधीच खालावली होती. पण ते भय नुसत्या गळ्यातलं नव्हतं, एवढं ती नाडी सांगते.

घरी मुलांना गोष्ट वाचून दाखवताना एवढी किंमत कुणी मोजू नये. मात्र आधी पेन्सिल घेऊन बसावं. या वाक्याला हा माणूस भ्याला आहे की रागावला आहे, की राग दाखवून भीती लपवतो आहे, ते समासात टिपून ठेवावं. एवढं नक्की झालं, म्हणजे आवाज कुठं चढवायचा आणि कुठं थांबायचं, हे वाचताना फारसं शोधावं लागत नाही.