साइडशोचा तंबू आणि केल्टीचा कॅमेरा

सर्कस म्हटली की आपल्याला वाघ आठवतो, झुल्यावरची पोरगी आठवते. तंबूच्या खुंट्या ठोकणारा कुणाला आठवतो? म्हणून एडवर्ड जे. केल्टी या फोटोवाल्याबद्दल लिहितोय.

हा अमेरिकेतला. 1922 साली न्यूयॉर्कात त्यानं धंदा मांडला. हिवाळ्यात लग्नं, मेजवान्या. उन्हाळा लागला की गावोगाव सर्कशींच्या मागं. ट्रकमध्येच डार्करूम. फोटो काढायचा, धुवायचा आणि सर्कशीतल्याच माणसांना विकायचा. नाव स्टुडिओचं, पण जिणं फेरीवाल्याचं.

त्याच्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह 12 इंच बाय 20 इंच. फोटो मोठा करायची भानगड नाही. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवायची, उजेड द्यायचा, तेवढाच फोटो. त्यामुळं शे-दोनशे माणसं उभी केली तरी मागच्या रांगेतला गडी ओळखू येतो. एवढ्या माणसांना एका जागी आणून गप उभं करायचं! आमच्या खात्यात चहाच्या सुट्टीत दहाजण गप बसत नाहीत.

रिंगलिंग ब्रदर्स आणि बार्नम अँड बेली या सर्कशी 1919 साली एक झाल्या. तिथं मोठ्या तंबूच्या बाहेर साइडशोचा वेगळा तंबू असायचा. त्यात बुटके, अति उंच, दाढीवाली बाई. आणि काळे वादक! पी. जी. लोअरी हा नावाजलेला कॉर्नेटवाला 1920 पासून दहाएक वर्षं तिथला बँडमास्तर. पण मोठ्या तंबूत बँड गोऱ्यांचा. काळ्यानं कितीही वाजवलं तरी जागा बाहेरच. वाजंत्री कुणाचे आणि पंगत कुणाची, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

केल्टीनं या साइडशोवाल्यांचे वेगळे फोटो काढले. त्यात झिप आहे. खरं नाव विल्यम हेन्री जॉन्सन, न्यू जर्सीचा काळा माणूस. 1860 च्या सुमाराला बार्नमनं त्याला केसाळ कपडे घालून 'माणूस की माकड' म्हणून उभं केलं. 1926 ला मरेपर्यंत तेच सोंग.

फोटोखाली सर्कशीचं नाव, गाव, तारीख. माणसांची नावं बहुतेकदा नाहीत. केल्टीला मी साधू करत नाही. ज्यांना लोक तिकीट काढून हसायचे, त्यांच्याच फोटोवर त्याचंही पोट होतं. पण त्यानं बँडवाले, सामान ओढणारे असे सगळेच काचेपुढं आणले, आणि गिऱ्हाईकही त्यांनाच केलं.

आमच्या गिरणीत एका साहेबाच्या निरोपाला ग्रुप फोटो निघाला. पुढं खुर्च्या, मागं जॉबर. आम्ही पाळीवर. मस्टरवर माझं नाव आहे, चेहरा कुठंच नाही. झिपच्या मागं उभ्या असलेल्या वादकाचा चेहरा आहे, नाव नाही. दोघं मिळून एक माणूस होईल कदाचित.

मंदीत केल्टीचा धंदा बसला. 1942 च्या सुमाराला त्यानं सर्कस सोडली. दारूची उधारी फेडायला निगेटिव्ह दिल्या म्हणतात. पुढं शिकागोत बेसबॉलच्या मैदानावर पडेल ते काम केलं. 1967 ला मेला तेव्हा त्याच्या सामानात एकही फोटो निघाला नाही.