आदेलचा बर्फ

अंटार्क्टिकाच्या नकाशावर राजेराण्यांची, जहाजांची आणि मोहिमेला पैसे पुरवणाऱ्यांची कितीतरी नावं आहेत. आदेली लँड मात्र एका दर्यावर्द्याच्या बायकोचं.

जानेवारी १८४० मध्ये द्युमाँ द्युरव्हिल या फ्रेंच कप्तानाची दोन जहाजं तिथे पोचली. समोर बर्फाची उभी भिंत, उतरायला जागाच नाही. शेवटी जवळच्या एका खडकाळ बेटावर माणसं उतरली, त्यांनी फ्रेंच झेंडा रोवला, दगडाचे नमुने फोडून घेतले. द्युरव्हिलने प्रदेशाला पत्नी आदेलचं नाव दिलं. तिने तीनदा दीर्घ विरह सोसला, त्याची ही कृतज्ञता, असं त्यानेच लिहून ठेवलंय. (तिला विचारलं असतं तर तिने नाव मागितलं असतं की नवरा घरी, कोण जाणे!) तिथल्या छोट्या पेंग्विनलाही पुढे तेच नाव मिळालं.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतताना त्यांच्या आगगाडीला अपघात होऊन आग लागली. डब्यांची दारं कुलूपबंद. बर्फातून सुखरूप आलेला द्युरव्हिल, आदेल आणि त्यांचा मुलगा, तिघंही गेले.

१९५६ पासून आदेली लँडच्या किनाऱ्यालगत फ्रेंचांचा तळ आहे. त्याला नाव द्युरव्हिलचं, आणि भोवती आदेली पेंग्विनांची वस्ती.