घाटमाथ्यावरील चोरटा व्यापार

ज्या व्यापाराला कायदा चोरटा ठरवितो, त्याचा इतिहास लिहिणे मोठे कठीण असते. असा व्यापार यशस्वी झाला तर तो मागे कागद ठेवीत नाही. जे कागद उरतात ते पकडणाऱ्याचे असतात. आंतरराष्ट्रीय संघटित गुन्हेगारीचा अभ्यास विद्यापीठांतून होऊ लागला आणि २००० साली पालेर्मो येथे संयुक्त राष्ट्रांचा यासंबंधीचा करार सह्यांसाठी खुला झाला, तेव्हापासून या विषयाला नवी प्रतिष्ठा लाभली. परंतु त्याची मुळे पाहावयाची तर सिसिलीपर्यंत जाण्याचे कारण नाही. बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यात ती पुरेशी उघडी पडलेली आहेत.

एकोणिसाव्या शतकातील या प्रदेशाचा नकाशा म्हणजे ठिगळांची गोधडीच होती. इंग्रजी मुलूख, कोल्हापूर व सांगलीसारखी संस्थाने, घाटाखाली सावंतवाडी आणि तिच्या दक्षिणेस पोर्तुगिजांचा गोवा. निपाणीचा गाडीवान एका दिवसात इंग्रजी हद्दीतून कोल्हापूर संस्थानात जाई. रामघाट, आंबोली, चोर्ला या वाटांनी लमाणांचे तांडे धान्य खाली नेत आणि मीठ वर आणीत. (चोर्ल्याच्या नावात ‘चोर’ ऐकून कोणी भलता अर्थ काढू नये, ते एका गावाचे नाव आहे.) हा व्यापार कोणत्याही सरकारपेक्षा जुना होता. त्यात गुन्हा शिरला तो मिठावरच्या कराच्या वाटेने.

इंग्रज सरकारने मिठावर भारी कर बसविला. तो १८८२ साली मणाला दोन रुपये होता, आणि मिठाच्या मूळ किमतीच्या मानाने तो कितीतरी पट होता. गोव्याच्या मिठागरांत मात्र मीठ मुबलक व स्वस्त. दोन किमतींमध्ये एवढी दरी आणि मध्ये केवळ एक जंगल. मग बैलाच्या पाठीवर रात्री काय चढत असेल हे सांगावयास नको. उत्तर हिंदुस्थानात हाच प्रश्न सोडविण्यासाठी सरकारने काटेरी झाडांचे शेकडो मैलांचे कुंपण वाढविले होते. ते १८७९ मध्ये सोडून देण्यात आले. पश्चिमेकडे वेगळी युक्ती योजली गेली. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात तह झाला. त्यान्वये उभय प्रदेशांतील जकातीची भिंत पाडण्यात आली, गोव्यातील मिठाचे नियंत्रण इंग्रजी अधिकाऱ्यांकडे आले आणि त्याच्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाकाठी चार लाख रुपये मिळू लागले. म्हणजे चोरटी वाहतूक थांबविण्यासाठी घाटात पहारे वाढविण्याऐवजी मिठाच्या उगमावरच हात ठेवला गेला. ही चतुराई होती खरी. पण तिची किंमत गोव्याच्या मिठागरवाल्यांनी मोजली. १८९२ च्या जानेवारीत तह संपला व सीमा पुन्हा जागी झाली. तोपर्यंत, १८८८ साली, मुरगावची रेल्वे कॅसलरॉकपर्यंत येऊन पोहोचली होती. तेथेच पुढे प्रवाशांच्या वळकट्या व पेट्या जकातीसाठी उघडल्या जाऊ लागल्या.

मीठ हा एकच पदार्थ नव्हे. अमर फारुकी यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माळव्याच्या अफूची कथा सांगितली आहे. कंपनीचा मक्ता चुकवून ही अफू पोर्तुगिजांच्या दमण बंदरातून चीनकडे जाई, आणि या व्यवहारात गोव्याचे रोजेरियो द फारिया यांच्यासारखे प्रतिष्ठित व्यापारी होते. फारुकी या उद्योगाकडे केवळ गुन्हा म्हणून पाहत नाहीत. वसाहतीच्या मक्त्याविरुद्ध देशी भांडवलाने केलेला तो प्रतिकार होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे मत सर्वस्वी स्वीकारले नाही तरी ‘गुन्हेगार’ हा शब्द कोणाच्या वहीतून आला, हा प्रश्न त्याने कायमचा उपस्थित केला आहे.

पाश्चात्त्य अभ्यासकांतही एक जुना वाद आहे. डोनाल्ड क्रेसी यांनी १९६९ साली अमेरिकेतील संघटित गुन्हेगारीचे जे चित्र रेखाटले, ते एखाद्या पेढीसारखे होते: वर मालक, मध्ये कारभारी, खाली नोकर. पीटर रॉयटर यांनी १९८३ मध्ये ते खोडून काढले. बेकायदा बाजार बहुधा लहान, विस्कळीत व अल्पायुषी टोळ्यांचे असतात, असे त्यांनी दाखविले. घाटावरचा अनुभव रॉयटर यांच्या बाजूने साक्ष देतो. येथे वाहणारा एक, लपविणारा दुसरा, विकणारा तिसरा; आणि अनेकदा त्यांना एकमेकांची नावेही ठाऊक नसणे हेच सर्वांच्या सोयीचे. शिक्षा मात्र बहुधा पहिल्याला होई, कारण माल त्याच्याच डोक्यावर सापडे.

स्वातंत्र्यानंतर या सीमेला दुसरे आयुष्य मिळाले. मुंबई राज्याने १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आणली. बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता आणि घाटाखाली काजूची फेणी सहज मिळत होती. १९४७ पासून परकीय चलन व सोन्याच्या आयातीवर भारतात निर्बंध आले. गोव्यात सोने, स्विस घड्याळे व परदेशी कापड यांना वाट मोकळी होती. १९५५ साली सत्याग्रहींवर गोळीबार झाला, रेल्वे बंद पडली व भारताने आर्थिक कोंडी केली. आता बेळगावची भाजीदेखील सीमेपलीकडे नेणे निषिद्ध झाले. ज्या घाटातून सत्याग्रही देशासाठी चोरून आत जात, त्याच घाटातून दुसरा माणूस घड्याळे घेऊन चोरून बाहेर येई. पहारेकऱ्याला अंधारात दोघांचा पायरव सारखाच ऐकू येत असावा. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि ही परदेशी सीमा नाहीशी झाली. फेणीची बाटली तीच राहिली. कायद्यातील तिचे नाव मात्र बदलले. राज्याराज्यांच्या अबकारी दरांत अंतर असल्याने गोव्याची दारू आजही तपासणी नाक्यांवर पकडली जाते.

निपाणीची गोष्ट याहून निराळी आणि अभ्यासकांनी काहीशी उपेक्षिलेली आहे. तेथील विडीच्या तंबाखूला परदेशाची सीमा लागली नाही. १९४३ साली तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला आणि सीमा थेट वखारीच्या दाराशी येऊन उभी राहिली. नोंदीवाचून दाराबाहेर पडलेले पोते म्हणजे चोरटा माल. मग ते शेजारच्या गल्लीत का जाईना.

या इतिहासाची साधने विखुरलेली आहेत. काही पणजीच्या दप्तरात पोर्तुगिजीत, काही मुंबईच्या पुराभिलेखागारात इंग्रजीत, तर काही संस्थानी मोडी रुमालांत. एकाच मालाची निर्गत गोव्याच्या वहीत रीतसर जमा असेल आणि इंग्रजी वहीत ती जप्तीच्या रकान्यात असेल, किंवा मुळीच नसेल. पकडणाऱ्याच्या कागदांवर विसंबून न राहता या दोन वह्या शेजारी ठेवून वर्षावर्षाचा ताळा घालणे, हे काम घाटमाथ्याच्या संदर्भात करण्याजोगे आहे. त्यासाठी चार भाषा, मोडीचा सराव आणि बरीच चिकाटी लागेल.