पावसावर घातलेला आळ

भिलाईला बदली होऊन आलो तेव्हा भर पावसाळा होता. बंगालच्या उपसागरात उठलेला प्रत्येक कमी दाबाचा पट्टा छत्तीसगडवरूनच जातो की काय, असं वाटावं इतका पाऊस. माझी ड्यूटी डिशखालच्या खोलीत, सॅटेलाइट लिंक सांभाळायची. एका रात्री लिंक गेली. बाहेर धो धो कोसळत होतं, म्हणून मी नोंदवहीत ‘पावसामुळे लिंक बंद’ असं लिहिलं आणि वाट बघत बसलो. तासाभरात पाऊस ओसरला, पण लिंक आली नाही. आमची एक तुकडी जंगलात होती. तिची खबर सकाळपर्यंत लागली नाही. सगळे सुखरूप परतले, हे नशीब. उजाडल्यावर उघडून पाहिलं, तर केबलच्या जॉइंटमध्ये पाणी.

उस्ताद ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “पावसाने लिंक गेली हे कशावरून ठरवलंस? पत्र्यावरच्या आवाजावरून?”

या प्रश्नाचा इतिहास मी मग शोधत गेलो. सुरुवात आमच्याच पेशात सापडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १.२५ सेंटीमीटर लहरीचं रडार बनवलं. लहर आखूड, म्हणजे अँटेना लहान आणि चित्र रेखीव. पण हवेतली वाफ १.३५ सेंटीमीटरच्या आसपासच्या लहरी पिऊन टाकते. व्हॅन व्लेक या शास्त्रज्ञाने तसा इशारा आधीच दिला होता. दमट हवेत रडारला लांबचं दिसेना. त्या पट्ट्याचं नाव ‘के’. पुढे मधला भाग टाळून त्याच्या खालचा ‘केयू’ आणि वरचा ‘केए’ अशी नावं पडली. आमची डिश केयूवर चालते, म्हणजे त्या फसलेल्या रडारचं नाव आम्ही रोज घेतो.

त्याच वाफेचं मोजमाप रॉबर्ट डिकी यांनी केलं, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ती. त्यांनी रेडिओमीटर नावाचं यंत्र बनवलं, फ्लोरिडाच्या दमट हवेत ते आकाशाकडे रोखलं आणि नुसतं ऐकलं. जी वस्तू लहरी शोषते, ती त्याच लहरी थोड्या बाहेरही टाकते. कोरडं निरभ्र आकाश रेडिओला थंड आणि शांत असतं. वाफ वाढली, पाऊस आला, की आकाशाची स्वतःची खरखर वाढते. १९४६ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा एकही उपग्रह वर गेलेला नव्हता.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. भिलाई दुर्ग जिल्ह्यात. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम उतरत होते. त्या प्रयोगाचं नाव ‘साइट’. तेव्हाच्या मध्य प्रदेशातून रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे जिल्हे त्यात होते. भिलाईची पहिली झोतभट्टी पेटून तेव्हा सोळा वर्षं झाली होती. कारखान्याच्या पलीकडच्या खेड्यांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची डिश उभी राहिली. फ्रिक्वेन्सी ८६० मेगाहर्ट्‌झ, लहर जवळपास ३५ सेंटीमीटर. काही मिलिमीटरचा पावसाचा थेंब तिला काय अडवणार! ऑगस्टच्या झडीतही लहर खाली यायची. (वीज यायची की नाही, हा वेगळा प्रश्न.)

गंमत अशी, की त्याच एटीएस-६ वर २० आणि ३० गिगाहर्ट्‌झचे प्रक्षेपकही बसवलेले होते. पाऊस सिग्नल किती खातो, हे अमेरिकेत मोजण्यासाठी. दुर्गच्या खेड्यांवर पावसाला न जुमानणारी लहर सोडणारा आणि पावसाला शरण जाणारी लहर मुद्दाम तपासणारा उपग्रह एकच. आपल्याकडे १९७१ मध्ये नारायणगावजवळ आर्वीला पहिलं व्यापारी उपग्रह केंद्र सुरू झालं, तेही ४ आणि ६ गिगाहर्ट्‌झवर, म्हणजे पावसाचा त्रास फार नाही. नंतर गर्दी वाढली, डिश लहान हव्या झाल्या आणि सगळे वरच्या फ्रिक्वेन्सीकडे, पावसाच्या तोंडी गेले. इस्रोने ५ जानेवारी २०१४ ला सोडलेल्या जीसॅट-१४ वर २०.२ आणि ३०.५ गिगाहर्ट्‌झचे दोन बीकन होते, ते आपल्या पावसाची घट मोजायलाच. बीकन म्हणजे एकसारखा वाजणारा स्वर. तो वरून बदलत नाही, त्यामुळे खाली तो मंदावला तर कारण वाटेत किंवा आपल्या डिशपाशी.

या दोन्हींतलं कुठलं, ते डिकींच्या खरखरीवरून कळतं. सिग्नल उतरला आणि खरखर चढली, तर पाऊस. सिग्नल उतरला आणि खरखर जागच्या जागी, तर डिश हललेली असू शकते. दोन्ही एकदम उतरले, तर केबल. त्या रात्री माझ्याकडे दोन्ही उतरले होते. आकडे समोर होते, मी फक्त पहिला पाहिला.

नोंदवहीत आता खरखरीचा रकाना आखलाय. काल रात्री साडेनऊला लिंक अकरा मिनिटं गेली. सिग्नल खाली, खरखर वर. ‘पाऊस’ असं लिहिलं, सही केली आणि तरीही टॉर्च घेऊन जॉइंट बघून आलो.